पिलाला लस केव्हा टोचावी?

(धाराशिव जिल्ह्यातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि विस्तार अधिकारी यांच्यासमोर एका पशुवैद्यकाने दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



पशुवैद्यकाला एक प्रश्न नेहमी विचारला जातो. मांजराच्या लहान पिलाला लस केव्हा टोचावी? विचारणारा बहुधा शहरातील असतो. खेड्यात मांजर हे घरचे असूनही कोणाच्या खिजगणतीत नसते. ज्वारीची पोती उंदरांपासून राखण्याचे काम ते बिनबोभाट करते, आणि त्याची पिले जगली तर जगली, मेली तर मेली, असा आपला व्यवहार असतो. त्यामुळे हा प्रश्न काहींना हौशी वाटेल. परंतु त्याचे उत्तर नीट समजून घेतले, तर आपल्या गोठ्यातील करडाच्या आणि वासराच्या लसीकरणाचे गमक त्यातच सापडते. म्हणून आज याच प्रश्नापासून आरंभ करून मी आपल्या जिल्ह्याच्या शेळीपर्यंत येणार आहे.

आपल्या जिल्ह्याचे धन

धाराशिव जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पावसाने पाठ फिरविली म्हणजे काय होते हे सांगावयास नको. अशा मुलखात ज्या जनावराने गरिबाला हात दिला, ते जनावर म्हणजे उस्मानाबादी शेळी. २०२३ साली जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. तथापि शेळीची ही जात आजही जुन्याच नावाने देशभर ओळखली जाते. बहुतांशी काळ्या रंगाची, काटक, मिळेल त्या पाल्यावर निभावून नेणारी आणि बहुधा जुळी करडे देणारी, अशी तिची ख्याती आहे. व्यवस्था चांगली असेल तर ती दोन वर्षांत तीन वेळा विते.

ज्या कुटुंबाला जमीन नाही, किंवा आहे ती कोरडवाहू आहे, त्याच्या घरी दोन-चार शेळ्या असतात. त्यांची निगा बहुधा घरातील स्त्रीच राखते. मुलीची फी, सासऱ्याचे आजारपण, पेरणीचे बियाणे, यांपैकी कोणतीही निकड आली की बोकड बाजारात जातो. तेव्हा चार महिन्यांचे करडू दगावते, त्या वेळी त्या घरचे येत्या वर्षाचे नियोजनच कोसळते. पुष्कळदा हे करडू अशा रोगाने दगावते, ज्यावर लस उपलब्ध असते आणि गावात लसीकरणही झालेले असते. मग करडू का जाते? कारण लसीकरण झाले त्या दिवशी ते फार लहान होते, किंवा जन्मलेलेच नव्हते. त्यानंतर त्याच्याकडे कोणी परत आले नाही.

आईची शिदोरी

पिलू जन्मते तेव्हा त्याच्या शरीराला रोगजंतूंची ओळख नसते. या उणिवेची भरपाई आई करते. तिला पूर्वी झालेल्या रोगांविरुद्ध, किंवा तिला टोचलेल्या लसींमुळे, तिच्या रक्तात जी रोगप्रतिकारक द्रव्ये तयार झालेली असतात, ती तिच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, पिलाला मिळतात. शेळी, मेंढी, गाय, म्हैस यांच्या बाबतीत ही द्रव्ये गर्भाशयातून पिलाकडे जातच नाहीत. चीक हाच त्यांचा एकमेव मार्ग होय. मांजरीच्या पिलालाही बहुतेक सर्व संरक्षण चिकातूनच मिळते.

ही द्रव्ये आतड्यातून रक्तात शिरण्याची वाट फार थोडा वेळ उघडी असते. जन्मानंतरच्या प्रत्येक तासाबरोबर ती अरुंद होत जाते आणि सुमारे एका दिवसात बंद होते. म्हणून जन्मल्यानंतर पहिल्या तासाभरातच करडाला चीक पाजला पाहिजे. पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या सुमारे एक दशांश इतका चीक, थोडा थोडा करून, त्याच्या पोटात गेला पाहिजे. दोन-सव्वादोन किलोच्या करडाला हा हिशेब दोनशे ते सव्वादोनशे ग्रॅमचा होतो. जुळे किंवा तिळे झाल्यास धट्टेकट्टे करडू आचळ पकडून बसते आणि अशक्त मागे राहते. अशा वेळी त्या अशक्ताला हाताने आचळाशी लावावे. जार पडेपर्यंत चीक पाजू नये, ही समजूत अद्यापही काही ठिकाणी आढळते. ती घातक आहे. जाराची वाट पाहण्यात करडाच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे तास निघून जातात.

लवकर टोचलेली लस वाया का जाते?

आईकडून मिळालेली ही शिदोरी कायमची नसते. आठवड्यागणिक ती घटत जाते. ती भरपूर असते तोपर्यंत पिलू सुरक्षित असते. परंतु त्याच काळात लस टोचली, तर आईची द्रव्ये त्या लसीलाच शत्रू समजून निष्प्रभ करतात. पिलाच्या शरीराला शिकण्याची संधीच मिळत नाही. मालक समजतो की लस झाली, आणि प्रत्यक्षात ती झालेली नसते.

अडचणीचा काळ त्यानंतर येतो. आईची द्रव्ये रोग रोखण्याइतकी उरलेली नसतात, पण लस निकामी करण्याइतकी अजून असतात. प्रत्येक पिलाच्या बाबतीत हा काळ निरनिराळ्या वयात येतो. ज्याने चीक भरपूर प्यायला त्याच्या बाबतीत उशिरा, आणि ज्याला थोडा मिळाला त्याच्या बाबतीत लवकर.

शिक्षकवर्गाला याचे एक उदाहरण परिचयाचे असेल. बालकांच्या लसीकरणात बी.सी.जी.ची लस जन्मतःच दिली जाते, पण गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात आणि दुसरी मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. गोवराची लस आधी का देत नाहीत? कारण आईकडून आलेली द्रव्ये तोपर्यंत लसीच्या आड येतात. अंगणवाडीताई जो नियम बाळाला लावतात, तोच नियम गोठ्यातील करडाला आणि चुलीजवळच्या मांजराला लागू आहे.

मांजराच्या पिलाचे वेळापत्रक

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मांजराच्या पिलाला सर्वांत मोठा धोका पॅनल्यूकोपेनिया या विषाणुजन्य रोगाचा असतो. यात रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात, वांत्या व हगवण सुरू होते आणि लहान पिलू थोड्याच दिवसांत दगावू शकते. त्याखेरीज सर्दी, डोळे चिकटणे, तोंडात व्रण होणे अशी लक्षणे असणारे आणखी दोन विषाणुजन्य रोग आहेत. या तिन्हींविरुद्ध एकत्रित लस मिळते.

या लसीची पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात द्यावी. त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी पुढची मात्रा द्यावी. शेवटची मात्रा मात्र सोळा आठवडे पूर्ण होण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर पडलीच पाहिजे. आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्यात, असे ढोबळ मानाने लक्षात ठेवावे. या मात्रा अनेक असतात, त्या एकावर एक थर चढविण्यासाठी नव्हेत. आईची शिदोरी नेमकी कोणत्या आठवड्यात संपते हे बाहेरून कळत नाही, म्हणून आपण पुन्हापुन्हा दार ठोठावतो. त्यामुळे तिन्हींमध्ये शेवटची मात्रा सर्वांत महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच चुकवितात. पुढे सहा महिने ते एक वर्ष या वयात एक पुरवणी मात्रा द्यावी. ही एकत्रित लस प्रत्येक दवाखान्यात असेलच असे नाही. म्हणून पिलू घेऊन जाण्यापूर्वी चौकशी करावी.

रेबीजची, म्हणजे पिसाळीची, लस बारा आठवड्यांच्या वयात टोचावी, एक वर्षाने पुन्हा टोचावी, आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठराविक काळाने देत राहावी. एकत्रित लस मांजराच्या जिवासाठी आहे. रेबीजची लस मात्र घरातील मुलांच्या जिवासाठीही आहे. पिसाळलेला कुत्रा मांजराला चावतो, आणि तेच मांजर रात्री मुलांच्या अंथरुणात येऊन झोपते. मांजर चावले किंवा त्याने ओरखडले, तर ती जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, चुना वा तिखट लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा शासकीय रुग्णालय गाठावे, आणि डॉक्टर सांगतील तितकी इंजेक्शने, एकही न चुकविता, पूर्ण करावीत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर खात्रीचा उपाय नाही. शाळेच्या परिपाठात ही माहिती वर्षातून दोनदा जरी सांगितली गेली, तरी मोठे काम होईल.

करडाचे वेळापत्रक

शेळ्या-मेंढ्यांत सर्वाधिक धास्ती असते ती पी.पी.आर. या रोगाची. तीव्र ताप, नाकाडोळ्यांतून वाहणारा स्राव, तोंडात व्रण, दुर्गंधीयुक्त हगवण आणि न्यूमोनिया ही याची लक्षणे होत. हा रोग प्रथम १९४२ साली आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये नोंदला गेला. भारतात त्याची पहिली नोंद १९८७ साली तामिळनाडूत झाली. आज त्याविरुद्ध देशात तयार झालेली उत्तम लस उपलब्ध आहे. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर येथील केंद्रात विकसित झालेली ही लस एकदा योग्य वयात टोचली, की तीन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ संरक्षण देते.

योग्य वय कोणते? ज्या शेळीला लस टोचलेली आहे, तिच्या करडाला आईकडून मिळालेले संरक्षण साधारणपणे तीन ते चार महिन्यांत ओसरते. म्हणून पी.पी.आर.ची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, आणि शक्यतो चौथ्या महिन्यात, टोचावी. एक महिन्याच्या करडाला टोचलेली लस बहुधा फुकट जाते. सहा-आठ महिन्यांपर्यंत टाळलेली लस पुष्कळदा उशिरा पोहोचते, कारण आईचे संरक्षण संपलेल्या वाढत्या करडांनाच हा रोग अधिक घेरतो. लस टोचल्यावरही संरक्षण यावयास सुमारे दोन आठवडे लागतात, हे विसरू नये.

दुसरा रोग आंत्रविषार. पहिला पाऊस पडतो, कोवळे गवत उगवते, किंवा घरी धान्य सांडते आणि करडू ते पोटभर खाते. आतड्यातील जिवाणू एकदम वाढून विष तयार करतात आणि संध्याकाळी उड्या मारणारे करडू सकाळी मेलेले आढळते. येथे उपचाराला अवधीच मिळत नाही. याची लस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात टोचावी आणि तीन-चार आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी. मोठ्या शेळ्यांना दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ती टोचावी. गाभण शेळीला विण्यापूर्वी चार ते सहा आठवडे ही लस दिली, तर तिच्या चिकातून करडाला सुरुवातीचे संरक्षण मिळते. आई लसवंत नसेल, तर करडाचे वेळापत्रक पशुवैद्यकाला विचारून अलीकडे घ्यावे.

याखेरीज घटसर्प, लाळ-खुरकूत आणि शेळ्यांची देवी यांच्या लसीही तिसऱ्या ते पाचव्या महिन्यापासून, स्थानिक प्रादुर्भाव पाहून, द्यावयाच्या असतात. पी.पी.आर.ची एकच मात्रा पुरते आणि आंत्रविषाराला दोन का लागतात, असे काहीजण विचारतात. पी.पी.आर.ची लस दुर्बळ केलेल्या जिवंत विषाणूची असते. तो शरीरात थोडा वाढतो आणि धडा पक्का करून देतो. आंत्रविषाराच्या लसीत जिवंत काही नसते, म्हणून तो धडा पुन्हा एकदा गिरवून घ्यावा लागतो. दुसरी मात्रा चुकली तर पहिलीचा उपयोग फारच थोडा होतो.

वासराची एक महत्त्वाची मुदत

वासरांच्या बाबतीत एक मुदत पंचायत सदस्यांनी पाठ करून ठेवावी. गायी-म्हशींत गर्भपात घडविणाऱ्या आणि माणसालाही होणाऱ्या ब्रुसेल्ला रोगाची लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिने या वयात, आयुष्यात एकदाच टोचतात. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकूत आणि ब्रुसेल्ला या दोन्हींचा समावेश आहे. कालवड नऊ महिन्यांची झाली की ब्रुसेल्लाच्या लसीची संधी गेली. येथे जन्मतारीख माहीत नसेल तर सारेच हुकते.

सुईपूर्वीची काळजी

लस टोचण्यापूर्वी आठ-दहा दिवस करडाला जंताचे औषध पाजावे. जंतांनी पोखरलेले, उपाशी वा तापाने फणफणलेले पिलू लसीला पुरेसा प्रतिसाद देत नाही. अशा पिलाला आधी उपचार, मग लस. लस तयार होते त्या क्षणापासून सुईत भरेपर्यंत तिला दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. भूम-परंड्याच्या एखाद्या वाडीवर मे महिन्याच्या उन्हात ती पोहोचविणे हे सोपे काम नव्हे. म्हणून लस टोचणारे पथक यायचे असेल, तेव्हा जनावरे आधीच एकत्र बांधून ठेवणे ही गावाची जबाबदारी समजली पाहिजे. पी.पी.आर.ची लस द्रावणात कालविल्यावर बर्फावर ठेवून दोन तासांच्या आत संपवावी लागते. लोक शेळ्या रानातून आणेपर्यंत थांबावे लागले, तर लस डोळ्यांदेखत वाया जाते.

गावाने काय करावे?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. वर्षातून एकदा मोहीम होते आणि त्या दिवशी हजर असलेल्या शेळ्यांना लस टोचली जाते. परंतु आपली शेळी दोन वर्षांत तीनदा विते. मोहिमेच्या दिवशी महिन्याची असलेली आणि मोहिमेनंतर जन्मलेली करडे, म्हणजे कळपाचा मोठा हिस्सा, पुढच्या मोहिमेपर्यंत उघडी राहतात. एकदा सर्व मोठ्या शेळ्या लसवंत झाल्या, की पुढे खरे काम उरते ते नव्या करडांचे आणि बाजारातून आणलेल्या शेळ्यांचे. त्यासाठी मी तीन सूचना करतो.

पहिली, प्रत्येक ग्रामपंचायतीत करडे व वासरे यांच्या जन्माची नोंदवही असावी. मालकाचे नाव, जन्माचा महिना, करडांची संख्या आणि लसीचा महिना, एवढे चार रकाने पुरेत. तारीख आठवत नसेल तर सणाचा आधार घ्यावा. दिवाळीच्या सुमारास जन्मलेले करडू महाशिवरात्र ते होळीच्या दरम्यान लसीला येते. अक्षय तृतीयेचे करडू पोळ्याच्या आसपास येते. आपल्या आयाबहिणी ही गणना सहज करतात. ती वहीत उतरविण्याचेच काय ते काम आहे.

दुसरी, ही वही पाहून ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याला दर तीन-चार महिन्यांनी कळवावे की, अमुक इतकी करडे लसीच्या वयाची झाली आहेत. दवाखान्याकडे मनुष्यबळ मर्यादित असते. नेमकी संख्या आणि ठरलेली जागा मिळाली, तर त्याला लसीच्या मात्रा त्या हिशेबाने मागविता येतात आणि एका फेरीत दोन-तीन गावे करता येतात. तिसरी, बाजारातून आणलेली शेळी तीन आठवडे वेगळी बांधावी आणि तिच्या लसीची विचारपूस करावी. रोग बहुधा विकत आणलेल्या जनावराबरोबरच गावात शिरतो.

या कामात शिक्षकांचे साहाय्य फार मोलाचे ठरेल. माझ्या घरी किती करडे, ती कधी जन्मली, त्यांना लस केव्हा, हा तक्ता पाचवी-सहावीचा विद्यार्थी सहज करू शकतो. गणिताचा सराव होतो आणि वहीतील नोंदीही तपासल्या जातात. त्याच तक्त्यात घरचे मांजर आणि कुत्रे यांनाही एक ओळ द्यावी.

बुळकांडीचे नाव आज नव्या पिढीला ठाऊक नाही. एके काळी गोठेच्या गोठे रिकामे करणारा तो रोग होता. २००६ साली भारत त्यापासून मुक्त म्हणून मान्य झाला आणि २०११ साली जगातून त्याचे उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. लसीने हे साध्य झाले, परंतु केवळ कुपीतील लसीने नव्हे. गावोगाव, कळपाकळपात, योग्य जनावरापर्यंत ती पोहोचली म्हणून ते झाले. पी.पी.आर.चे २०३० सालापर्यंत जगातून उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय संस्थांनी समोर ठेवले आहे. ज्या जिल्ह्याच्या नावाने एक शेळी देशभर ओळखली जाते, त्या जिल्ह्याने या कामात मागे राहू नये. पिलाला लस केव्हा टोचावी, याचे उत्तर त्याच्या आईच्या चिकात आणि त्याच्या जन्मतारखेत आहे. चिकाची काळजी घरातील माउली घेईल. जन्मतारखेची नोंद ठेवण्याचे काम आपण सर्वांनी पत्करावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.